हुकूम कुणाचा, घर कुणाचं?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्याच राहतात. मुलगा अमेरिकेत. गेल्या दिवाळीत तो आला आणि जाताना भिंतीवर एक पांढरी पेटी बसवून गेला. ‘आता तू निर्धास्त झोप, मी तिकडून सगळं बघेन,’ असे आईला सांगून निघाला. आठच दिवसांनी पहाटे साडेपाचला आजींनी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडले आणि भोंगा ठणाणा करू लागला. इकडे रात्र झाली म्हणून मुलाने पेटी सुरू केली होती. इकडे उजाडायला आले, हे मात्र कामाच्या धबडग्यात तो विसरला. पेटीने त्याला फोन लावला, पण तो बैठकीत! दहा मिनिटे आजी कानांवर हात ठेवून स्वतःच्याच उंबऱ्यात चोरासारख्या उभ्या होत्या.

१९९५ सालच्या ३१ जुलैला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी भारतातले पहिले मोबाईल संभाषण केले. तेव्हा फोन म्हणजे बोलण्याचे साधन होते. आता त्यावरून आपण हुकूमही सोडतो. या पेटीत सिमकार्ड असते. दारावरचे चुंबक स्विचपासून दूर गेले की तिला दार उघडल्याचे कळते. आपण गुप्त आकडा आणि आज्ञा असा संदेश धाडला की ती सज्ज होते किंवा शांत होते. काही पेट्यांना तर मिस्ड कॉलही पुरतो. नंबर ओळखीचा असला की पेटी फोन न उचलताच काम करते. खर्च शून्य! वीज गेली तर आत बॅटरी असते.

यंत्र वाईट नाही. प्रश्न आहे तो हुकमाचा. हजारो मैलांवरच्या मुलाच्या हाती घराची नाडी आणि घरात राहणाऱ्या आईच्या हाती काहीच नाही, याला काळजी म्हणावे की पहारा? माझे मत स्पष्ट आहे. पेटीतल्या यादीत पहिला नंबर घरात राहणाऱ्याचा हवा. भोंगा बंद कसा करायचा, हे त्या माणसाला चार वेळा करून दाखवायला हवे. दुसरा नंबर शेजाऱ्याचा, कारण संदेश कधी उशिरा पोचतो आणि पोचला तरी अमेरिकेतून धावत कोणी येत नाही. आणि कारखान्यातून आलेला १२३४ सारखा गुप्त आकडा त्याच दिवशी बदलावा, सिमचे रिचार्ज कोण करणार तेही ठरवावे. रिचार्ज संपलेली पेटी भिंतीवर दिमाखात असते, पण मुकी!

त्या पहाटे भोंगा ऐकून आम्ही सहा-सात जण धावलो. आता आजी रात्री स्वतःच पेटीला मिस्ड कॉल देतात, पहाटे पुन्हा देतात आणि मग दुधाची पिशवी घेतात. मुलगा मात्र हल्ली पेटीऐवजी आईलाच फोन करतो. ते अधिक बरे.