मान पदाचा, खोळंबा लोकांचा

लग्नमांडवांत मानपानावरून रुसवेफुगवे झाले म्हणजे आम्ही शहाणे लोक वरपक्षास हंसतों. परंतु तोच प्रकार सरकारी समारंभांत घडला कीं त्यास ‘राजशिष्टाचार’ असें भारदस्त नांव मिळतें आणि हंसण्याची कोणाची छाती होत नाहीं. स्वागतास कोणी यावें, कोणाची खुर्ची कोणाच्या उजवीकडे असावी, कोनशिलेवर कोणाचें नांव वर कोरावें, या प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत मूळ कार्य बाजूस राहतें.

क्रम मुळींच नसावा, असें आमचें म्हणणें नाहीं. शेंकडों पाहुण्यांच्या सभेंत बसण्याची कांहीं तरी व्यवस्था हवीच, व ती आधीं ठरलेली असली म्हणजे तंटे टळतात. हिंदुस्थानचा अग्रक्रम राष्ट्रपतींच्या सचिवालयानें २६ जुलै १९७९ रोजीं प्रसिद्ध केला असून, मागाहून झालेल्या दुरुस्त्यांसह तोच चालू आहे. त्यांत पहिले राष्ट्रपति, दुसरे उपराष्ट्रपति, तिसरे पंतप्रधान. राज्यपाल आपल्या राज्यांत चौथे. सीमा ओलांडतांच तेच गृहस्थ आठवे होतात. एकाच क्रमांकावर अनेक जण असतील तर ज्याचा त्या क्रमांकांत आधीं प्रवेश झाला तो पुढें. कुळ, जात व संपत्ति यांस येथें थारा नाहीं. मनुष्य तोच, अंगरखा तोच, परंतु हद्द बदलतांच क्रमांक बदलतो. यावरून हा मान देहाचा नसून पदाचा आहे, हें उघड होतें.

पूर्वीची रीत याहून वेगळी होती. ब्रिटिश अमदानींत संस्थानिकांचा दर्जा तोफांच्या आवाजावर मोजला जाई. बडोद्यास एकवीस तोफा, कोल्हापुरास एकोणीस. १९११ च्या दिल्ली दरबारांत सयाजीराव गायकवाड यांनीं बादशहापुढें रीतीप्रमाणें मुजरा न करितां थोडें लवून पाठ फिरविली, एवढ्यावरून इंग्लंडपर्यंत गहजब झाला. आज त्या मुजऱ्याची कोणास मातब्बरी? सयाजीरावांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, ही गोष्ट मात्र लोक विसरले नाहींत. तोफांचा धूर विरतो, शाळा उरतात.

आतां मुद्द्याची गोष्ट. या अग्रक्रमाच्या पहिल्याच टीपेंत स्पष्ट म्हटलें आहे कीं, हा क्रम राजकीय व औपचारिक समारंभांपुरता असून सरकारच्या दैनंदिन कारभारास तो लागू नाहीं. हें वाक्य प्रत्येक कचेरीच्या दारावर लावण्याजोगें आहे! कारण व्यवहारांत नेमकें उलट घडतें. समारंभाची खुर्ची समारंभ संपला तरी सुटत नाहीं. ती रस्त्यावर, इस्पितळांत व मंदिराच्या रांगेंतही बरोबर येते. मोटारीवरील लाल दिवे १ मे २०१७ पासून बंद झाले हें उत्तम झालें. परंतु दिवा गेला, दिमाख राहिला. पाहुणे येईपर्यंत शाळेचीं मुलें उन्हांत उभीं, पेठेचा रस्ता बंद, माल भरलेल्या गाड्या अडकलेल्या, आणि दाखल्यासाठीं खेड्यांतून आलेला मनुष्य ‘साहेब बंदोबस्तास गेले’ हें ऐकून रिकाम्या हातीं परत. यांतील एकही गोष्ट त्या क्रमांत लिहिलेली नाहीं.

१९११ नव्हे, मे २०२५ मधील एक प्रसंग पाहावा. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई पद धारण केल्यावर प्रथमच मुंबईस आले असतां राज्याचे प्रमुख अधिकारी स्वागतास हजर नव्हते. न्यायसंस्थेच्या श्रेष्ठ पदाचा आदर ठेवणें हें अधिकाऱ्यांचें कर्तव्यच होतें, व त्यांनीं सांगितलेली नाराजी योग्य होती. परंतु पुढें ही बाब विनाकारण वाढवूं नये, असें त्यांनींच सांगितलें. त्यावर दाखल झालेला अर्जही सर्वोच्च न्यायालयानें दंड बसवून फेटाळला. पदाचा मान राखावा, पण त्याचें अवडंबर माजवूं नये, हा धडा याहून स्पष्ट कोणता?

म्हणून आमच्या सूचना थोड्या व बिनखर्चाच्या आहेत. समारंभ ठरल्या वेळीं सुरू करावा, मग कोणी आलेला असो वा नसो. लहान मुलांस शोभेकरितां उभें करूं नये. ज्यांचा सत्कार असेल, ते शेतकरी असोत कीं शहीद जवानांच्या माता असोत, त्यांस पहिल्या रांगेंत बसवावें. पाहुण्यांकरितां बाजाराचा रस्ता अडवूं नये.

व्यापारी बंधूंस व नगरवासियांसही एक विनंती आहे. आपल्या संस्थांचे समारंभ मंत्र्यांची वाट पाहत दोन-दोन तास लांबविण्याची संवय आपणच लाविली आहे. उशिरा येणाऱ्यास हार तोच आणि टाळ्या त्याच, मग वेळेवर यावें तरी कोणी? आपण घड्याळाचा मान राखूं लागलों, कीं मोठे पाहुणेही तो राखावयास शिकतील.