चेक द्या, पण खाते बघून

‘चेक टाकलाय, दोन दिवसांनी या,’ हे वाक्य बँकेत किती वेळा ऐकलंय ना मैत्रिणींनो? रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५पासून ही गठ्ठ्याने चेक वटवण्याची रीत बदलली. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत भरलेल्या चेकचा फोटो आता लगोलग समोरच्या बँकेकडे जातो. तिने संध्याकाळी ७पर्यंत काही कळवलं नाही, तर चेक मंजूर धरला जातो.

शिलाईचे, डब्यांचे पैसे चेकने घेणारीला हे बरंच. पण चेक देणारीचं काय? ‘उद्या पैसे भरू’ म्हणत आज चेक फाडायची सोय उरली नाही. चेक परत गेला आणि नोटिशीनंतर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कलम १३८खाली खटला होऊ शकतो.

आणखी एक. ५० हजार आणि त्यापुढच्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवायची ‘पॉझिटिव्ह पे’ सोय २०२१पासून आहे. मोठ्या रकमांसाठी काही बँका ती सक्तीची करतात, पण एरवी ती ऐच्छिक असते, म्हणून बऱ्याचजणी सोडून देतात. पण रकमेत खाडाखोड झाली, तर तपशील कळवलेल्या चेकचीच तक्रार क्लिअरिंगच्या तंटा-निवारणात घेतली जाते. बचत गटाच्या मोठ्या चेकवर सही करण्याआधी एवढं जरूर करा.