टूल लाइफ

'व्हीटी रेज टू एन इज इक्वल टू सी' हे सूत्र मेकॅनिकलवाल्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. ओरल्सला हमखास विचारतात. (विचारणाऱ्यांत मीही असतो!) बाकीच्या ब्रँचसाठी सांगतो. व्ही म्हणजे कटिंगचा वेग, टी म्हणजे टूल किती मिनिटं टिकलं ते, एन आणि सी हे स्थिरांक. हाय स्पीड स्टीलच्या टूलसाठी एन साधारण ०.१२५ धरतात. आता कॅल्क्युलेटर काढा. वेग फक्त १० टक्के वाढवला की टूलचं आयुष्य निम्म्याच्याही खाली येतं. दुप्पट केला तर २५६ वा हिस्सा उरतो!

हे सूत्र फ्रेडरिक टेलरने १९०६ साली मांडलं, तब्बल २६ वर्षं धातू कापून पाहिल्यावर. गंमत म्हणजे कामगारांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन लागला तो टेलर हाच. मशीन उगाच हळू चालवा असं त्याचं म्हणणं मुळीच नव्हतं. पण टूल काढा, ग्राइंड करा, परत सेट करा, यात जो वेळ जातो तोही धरायचा आणि मग वेग ठरवायचा.

आपण नेमका तोच वेळ धरत नाही. स्टाफरूममधला कुठलाही दिवस घ्या. पेपर तपासायला बसावं, तर मध्येच अ‍ॅक्रेडिटेशनची फाइल येते, ग्रुपवर कसला तरी 'अर्जंट' तक्ता येतो, आणि दारात जर्नलवर सही मागणारी चार पोरं. पेपर परत हातात घेतला की त्याच तीन ओळी पुन्हा वाचायच्या. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली हे मांडलं आहे. काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. म्हणजे आमचं टूल सेटच झालेलं नसतं, आणि आम्ही जॉब कापायला सुरुवात केलेली असते.

या टर्मपासून गठ्ठा सोडला की मी फोन कपाटात ठेवतो आणि दार लोटून घेतो. तपासणी लवकर संपते असं नाही, कधी उलट उशीरच होतो. पण एखाद्याने वेगळ्याच वाटेने काढलेलं बरोबर उत्तर दिसतं. घाईत तेच 'मॉडेल आन्सरशी जुळत नाही' म्हणून शून्यावर जातं, आणि त्या शून्यापायी कुणाची तरी केटी लागते. कामं भराभर उरकणाऱ्याला आपल्याकडे 'डायनॅमिक' म्हणतात, ते मला यासाठीच पटत नाही.

हॉस्टेलवाल्यांनो, हसू नका. एका कानात हेडफोन, समोर जर्नल, मांडीवर लॅपटॉप, गॅलरीतून कुणीतरी 'चहाला येतोस का बे' म्हणून ओरडतोय... तुमचंही तेच. पण निम्मा दोष आमचा आहे. चार विषयांचं सबमिशन एकाच आठवड्यात लावतो कोण? आम्हीच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. एका आठवड्यात एकाच विषयाचं सबमिशन ठेवा. शेवटच्या चार आठवड्यांचा तक्ता मी करून ठेवलाय, पुढच्या स्टाफ मीटिंगला आणणार आहे. 'पोरं तरीही आदल्या रात्रीच लिहिणार,' असं एक सहकारी आत्ताच म्हणाले. लिहू देत की! त्या रात्री टेबलावर जर्नल तरी एकच असेल.