राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला हवाच

गायी-म्हशींच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला आला. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्रीही नाही. पण रात्री भुईमुगातली डुकरं हाकलणारा, काजूच्या दिवसांत बागेत पडून राहणारा कुत्रा? त्याच्या गळ्यात साधा दोरही नसतो.

डुकरामागे धावत तो सडा ओलांडतो, नाहीतर फटाक्यांनी बिथरून पळतो. कट्ट्याचा कुत्रा चौक्यात सापडला तर तिथली माणसं भाकरी घालतात, "ह्यो कोणाचो रे?" म्हणून चार जणांना विचारतात, आणि विषय तिथेच संपतो. माणसं वाईट नाहीत हो, पण कळवणार कोणाला?

जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांना लस टोचून गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले बांधले होते. मोबाइलने स्कॅन केलं की कुत्र्याचं नाव, लसीची माहिती आणि सांभाळणाऱ्याचा नंबर. भटक्यांना जमतं ते आपल्या घरच्याला का नको?

मात्र हा जीपीएस नव्हे. कुत्रा कुठे आहे ते बिल्ला सांगत नाही, कोणीतरी स्कॅन करावं लागतं. आणि आपला राखण्या परक्याला जवळ येऊ देईल तर ना! म्हणून माझं मत असं, की एका बाजूला क्यूआर, दुसऱ्या बाजूला मोबाइल नंबर ठसठशीत कोरलेला. लांबूनही वाचता आला पाहिजे.

विकतच्या बऱ्याच बिल्ल्यांचा कोड इंटरनेटवरचं पान उघडतो. नंबर बदलला तर तिथे बदलता येतो, ही सोय खरी. पण सड्यावर रेंज कुठे? आणि कंपनी बंद पडली की पानही गेलं. त्यापेक्षा कोडमध्येच गाव, नंबर आणि लसीची तारीख लिहून घ्या. ते रेंज नसतानाही वाचता येतं. कागदी स्टिकर आपल्या पावसात टिकणार नाही आणि लोखंडी कडी खाऱ्या हवेत गंजते, तेव्हा स्टेनलेस स्टीलच घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी ढील ठेवा.

कुत्रा चावला आणि बिल्ल्यावर लस दिसली, तरी जखम साबणाने १५ मिनिटं धुवून दवाखाना गाठायचाच.

ग्रामपंचायतीने रेबीज लसीकरणाच्या दिवशीच बिल्ले बांधले तर वेगळा खर्च फार नाही. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लावून धरणार आहे. तुमच्या गावात कोणी करून बघितलं असेल तर बिल्ला कुठे कोरून घेतला तेवढं कळवा.