टेकडीवर जायला कारण कशाला?



पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायला तिकीट लागत नाही. पाषाण, कोथरूड, गोखलेनगर, कुठूनही पायवाट धरली की थोड्या वेळात आपण गिरिपुष्पाच्या झाडीत पोचतो. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. इतक्या जवळच्या रानात बाई किती मोकळेपणाने जाते?

टेकडीच्या पायथ्याच्या एका वस्तीत मी बायकांचा गट चालवते. मी विचारलं, "टेकडीवर कोण कोण जातं?" जवळजवळ सगळे हात वर झाले. कशाला? सरपणाला, देवाला, शेळीमागे. आणि नुसतं फिरायला? सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाल्या, "ताई, बिनकामाची बाई रानात दिसली तर लोक काय म्हणतील?"

बंगल्या-फ्लॅटमधल्या बाईलाही कारण लागतंच. तिचं कारण डॉक्टरांनी दिलेलं असतं: साखर, वजन, गुडघे. पुरुष मात्र कट्ट्यावर उगाच बसू शकतो.

३ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री पुण्याजवळ बोपदेव घाटात मित्राबरोबर गेलेल्या २१ वर्षांच्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर घराघरांत मुलींना टेकडी बंद झाली. "एवढ्या रात्री ती तिथे गेलीच कशाला?" हा प्रश्न मी सुशिक्षित घरांतही ऐकला. प्रश्न जुनाच आहे. १९७२ साली पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला; १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडताना तिच्याच वागण्याची झडती घेतली. त्याविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पण घरातली उलटतपासणी संपलेली नाही. पोलीस ठाण्यातही बाई सुरक्षित नव्हती, तर रान बंद करून ती सुरक्षित कशी होणार?

निर्मनुष्य जागा भीतीदायक होते, आणि बायका घरी बसल्या की ती अधिकच निर्मनुष्य होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' (२०११) या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हेच मांडलं: बाईला हक्क हवा तो निष्कारण रेंगाळण्याचाही.

म्हणून मागण्या नेमक्या करू या. रात्रीचं रान पशुपक्ष्यांचं. माथ्यावर दिव्यांचा झगमगाट नको. दिवे हवेत ते पायथ्याच्या गल्ल्यांत आणि बसथांब्यांवर. पायथ्याशी पाणी आणि स्वच्छ संडास हवेत. गस्तीत बायका हव्यात. टेकडीची काही जमीन वनखात्याची, काही महापालिकेची, काही खाजगी; त्यामुळे तक्रार टोलवली जाते. "आमची हद्द नाही" हे उत्तर पोलिसांकडून तर मुळीच ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते.

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने एक बैठक आपल्या जवळच्या टेकडीवर घ्यावी. वस्तीतल्या आणि सोसायटीतल्या बायका एकत्र चढा. अंधाऱ्या, अडचणीच्या जागा टिपा आणि यादी क्षेत्रीय कार्यालय, वनखातं व पोलीस चौकी, तिघांनाही द्या.

आणि बैठक संपल्यावर लगेच उतरू नका. थोडा वेळ काहीही न करता बसा. कुणी विचारलंच, तर कारण सांगू नका.