नव्या वेष्टनातला टॅब्लेट

टॅब्लेट म्हटले की माझ्या व्यवसायातील माणसाला आधी गोळीच आठवते. तरीही अलीकडे दवाखान्यात त्या दुसऱ्या टॅब्लेटविषयीही सल्ला विचारला जातो. ‘मुलगा नवा घेऊन देतो म्हणतो. जुन्यापेक्षा तो खरेच वेगळा असतो का हो, डॉक्टर?’ प्रश्न तंत्रज्ञाला विचारावा असा आहे. पण विचारणाऱ्याचे वय सत्तरीपुढचे असले की तो बराचसा माझ्याही अखत्यारीत येतो.

हा वाद तसा जुना आहे. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड जगापुढे ठेवला, तेव्हाही जाणकारांत दोन तट पडले. हा तर नुसता मोठा केलेला आयफोन, असे पुष्कळांचे मत पडले. त्यांचे आक्षेप खोटे नव्हते. त्यात कॅमेरा नव्हता, यूएसबीची खाच नव्हती, संकेतस्थळांवर त्या काळी सर्रास वापरले जाणारे फ्लॅश त्यावर चालत नव्हते. कल्पनाही नवी नव्हती. ॲलन के यांनी १९७२ मध्येच वहीसारखा हातात धरता येईल अशा ‘डायनाबुक’चा आराखडा मांडला होता, तोही मुलांसाठी. पुढे १९८९ मध्ये ग्रिडपॅड आला, १९९३ मध्ये खुद्द ॲपलचा न्यूटन, २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा टॅब्लेट पीसी. यांतील एकही घरोघरी पोहोचला नाही. आयपॅडने लेखणी काढून टाकली आणि तिच्या जागी बोट आणले, ९.७ इंचांचा पडदा सुमारे ६८० ग्रॅम वजनात बसवला. याला नवनिर्मिती म्हणावे काय?

वैद्यकात हा पेच आम्हांला रोज पडतो. जुन्या औषधाच्या रेणूत किंचित फेरफार करून, चकचकीत वेष्टनात गुंडाळून ‘नवे’ म्हणून पुढे केलेल्या गोळ्यांनी माझ्या टेबलाचा खण भरलेला असतो. याउलट जलसंजीवनी पाहा. मीठ, साखर आणि पाणी. यांत नवीन ते काय? पण साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून शोषले जाते हे ओळखून ते योग्य प्रमाणात एकत्र केले गेले, आणि १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. असंख्य प्राण वाचले. घटक जुने असणे हा दोष नव्हे. आधी रुग्णाला जे अशक्य होते ते आता शक्य झाले का, एवढेच मी पाहतो.

या कसोटीवर टॅब्लेटला मी बरे गुण देईन. साठीतील डोळ्याच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. अशा डोळ्याला स्वतः उजळणारा पडदा आणि दोन बोटांनी हवे तेवढे मोठे करता येणारे अक्षर ही चैन नव्हे. मात्र दरवर्षी ज्या गुणांची जाहिरात होते ते निराळेच असतात. उपकरण आणखी पातळ झाले, म्हणे. संधिवाताच्या बोटांतून पातळ वस्तू अधिक निसटते. मग त्यावर जाड रबरी आवरण चढवावे लागते, आणि त्या पातळपणाचे पैसे मात्र आपण आधीच मोजलेले असतात.

बोटाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यावरून घरोघरी गैरसमज होतात. हा पडदा दाब ओळखत नाही. त्वचेतून वीज वाहू शकते, त्यामुळे बोट टेकताच पडद्यावरील विद्युतक्षेत्र बदलते, आणि तो बदल टिपला जातो. वयोमानाने घाम आणि त्वचेतील तेल कमी होते, बोटाची टोके कोरडी पडतात आणि स्पर्श नोंदलाच जात नाही. मग माणूस जोराने, अधिक वेळ दाबतो. यंत्र त्याचा अर्थ भलताच लावते. चित्रे थरथरू लागतात, नाहीतर नकोशी यादी उघडते.

एका सेवानिवृत्त शिक्षिकेला तिची सून याच कारणासाठी घेऊन आली होती. ‘दहा वेळा शिकवले, तरी आई विसरतात,’ ही तक्रार. स्मरणशक्तीच्या साध्या चाचण्यांत बाईंनी काही चुकवले नाही. बोटे मात्र कागदासारखी कोरडी होती. रात्री हाताला मलम, वापरापूर्वी कोमट पाण्याने हात धुणे आणि उपकरणाच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात जाऊन स्पर्शाला प्रतिसाद देण्याची वेळ वाढवणे, एवढ्यावर काम भागले. सुनेपेक्षा सासूबाईंचा चेहरा अधिक मोकळा झाला. विसरभोळेपणाचा शिक्का घरच्यांकडूनच बसत होता, तो पुसला गेला.

याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. जी व्यक्ती वर्षानुवर्षे सहजपणे व्हिडिओ कॉल लावत होती, तिला काही महिन्यांत तेच जमेनासे झाले, तर ‘नवीन अपडेटमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. आधी दृष्टी, मग हाताची थरथर, मग स्मरणशक्ती, या क्रमाने तपासून घ्यावे. आणि हे अचानक, एका दिवसात घडले, त्यातही शब्द अडखळत असतील किंवा एक हात कमकुवत वाटत असेल, तर माझ्याकडेही न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

मराठी ज्येष्ठांपुरते बोलायचे तर मला आयपॅडपेक्षाही मोठी वाटते ती २०१७ मध्ये गूगलने आणलेली मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय. तिच्यासाठी नवे उपकरणही लागत नाही. ज्यांचा हात कापतो अशा माझ्या काही रुग्णांनी कित्येक वर्षांनी भावंडांना पत्र ‘लिहिले’ ते या सोयीमुळे. मेंदू तल्लख ठेवण्याची हमी देणाऱ्या खेळांपासून मात्र चार हात दूर राहावे. अशाच दाव्यांबद्दल लुमॉसिटी या प्रसिद्ध खेळसंचाच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून वीस लाख डॉलर भरावे लागले.

तेव्हा जुना टॅब्लेट असेल तर आधी त्यातील अक्षर मोठे करून, उजेड वाढवून, तिरक्या स्टँडवर ठेवून आठवडाभर वापरून पाहावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांची मान त्यामुळे दुखायची राहते. तरीही नवा घ्यायचाच ठरला, तर तो घरी पार्सलने मागवू नये. ज्यांच्यासाठी घ्यायचा त्या आजी-आजोबांनाच दुकानात न्यावे, नेहमीच्या चष्म्यासकट, आणि विक्रेत्याचे बोट बाजूला ठेवून त्यांचे बोट पडद्यावर टेकू द्यावे.