चार दिवस, एकच बेट

लक्षद्वीपला जायचं ठरलं की आपली जनता आधी एक्सेल उघडते. पहिला दिवस अगत्ती, दुसरा बंगारम, तिसरा कवरत्ती... अरे, आराम करायला चाललाय की रिलीजला?

माझं ऐकाल तर एकच बेट धरा. उदाहरणार्थ कडमत. लांबी जेमतेम ९ किलोमीटर, रुंदी साधारण अर्धा, पश्चिमेला उथळ लगून. परमिट आधी काढावं लागतं. कोचीहून बोटीला १४ ते १८ तास लागतात. लागू देत की! पावसाळा मात्र टाळा.

खरी गोची गोड्या पाण्याची. वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर, बस्स. जास्त उपसा झाला की विहिरी खारट. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे बीचवरचे फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. त्याच दौऱ्यात कडमतच्या एका प्लांटचं उद्घाटन झालं: वरचं कोमट आणि खोलातलं थंड पाणी, यांच्या तापमानातल्या फरकावर रोज दीड लाख लिटर गोडं पाणी. भन्नाट इंजिनिअरिंग! ते कुणी फॉरवर्ड केलं नाही. असो. पण हे पाणी आधी गावाचं आहे बुवा, आपल्या तिसऱ्या शॉवरचं नाही.

आणि लगूनमध्ये पोवळ्यांवर उभे राहू नका. २०२४ च्या उन्हाळ्यात तापलेल्या समुद्राने ती आधीच पांढरी पाडली आहेत.